रडायची जागा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत नळ रात्री उशिरा येतो, म्हणून दीडच्या सुमारास पाणी भरायला उठले होते. हंडा लावला आणि पोटमाळ्यावरून हुंदके ऐकू आले. वर माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा झोपतो. सतरा वर्षांचा आहे, बारावीला. चादर तोंडावर ओढून, मोबाईल छातीशी धरून पोरगा हमसून हमसून रडत होता.

मी नर्स. अशा वेळी डोक्यात आधी वाईटच येतं. कुणा मुलीचं प्रकरण आहे का? कॉलेजात कुणी मारलं का? मी त्याचे हात बघितले, उशीखाली काही बाटली, गोळ्या आहेत का तेही चाचपलं. तो म्हणाला, "मावशी, काही नाही गं. कार्टून बघत होतो."

मला हसू फुटलं. "एवढा घोडा झालास आणि कार्टून बघून रडतोस?" असं म्हणून मी खाली आले. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. चार दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

पाचव्या दिवशी मीच विचारलं, "काय होतं रे त्यात एवढं?" तो म्हणाला, "तुला नाही कळायचं." मग थोड्या वेळानं, "बघशील?" म्हणून त्यानंच विचारलं. जेवणं झाली की रोज दोन-तीन भाग, असं करत आम्ही महिनाभर ती मालिका पाहिली. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. मला वाचायला वेळ लागायचा, तर तो थांबवून मराठीत सांगायचा. मी काय पाहिलं आणि त्यातून आमच्या घरात काय निघालं, ते त्याला विचारूनच इथे लिहीत आहे.

मालिकेचं नाव 'क्लॅनॅड'. जपानमध्ये अशा चित्रांच्या मालिकांना ॲनिमे म्हणतात, आणि त्या फक्त लहान मुलांसाठी नसतात. 'क्लॅनॅड' आधी कॉम्प्युटरवर वाचत वाचत खेळायचा खेळ होता. तो २००४ साली आला. जुन माएदा हे त्याचे मुख्य लेखक. पुढे क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओने त्यावर मालिका काढली, दिग्दर्शक तात्सुया इशिहारा. पहिला भाग ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झाला. दुसरा भाग 'आफ्टर स्टोरी' म्हणजे 'नंतरची गोष्ट', तो ऑक्टोबर २००८ ते मार्च २००९ या काळात जपानी टीव्हीवर दाखवला गेला. रात्री दीड वाजता पोराला रडवलं ते या दुसऱ्या भागानं.

गोष्ट एका लहान गावातल्या तोमोया नावाच्या मुलाची. तो लहान असतानाच त्याची आई अपघातात गेलेली. बाप दारू पितो, जुगार खेळतो. एकदा बापलेकाची जुंपते, त्यात मुलाच्या उजव्या खांद्याला कायमची दुखापत होते. हात पुरता वर जात नाही, म्हणून त्याचा बास्केटबॉल सुटतो. त्यानंतर बाप त्याच्याशी एखाद्या पाहुण्याशी बोलावं तसं आदबीनं बोलायला लागतो. आपल्याकडे बाप स्वतःच्या पोराला अचानक 'या, बसा, बरं आहे ना?' म्हणायला लागला तर पोराला काय वाटेल, विचार करा. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

या मुलाला शाळेच्या चढावर नागिसा भेटते. अंगानं नाजूक, सारखा ताप येणारी. आजारपणामुळे तिचं शाळेचं वर्ष वाया गेलेलं. तिच्या आईबापांचं पाव-बिस्किटांचं छोटं दुकान आहे. आई असले काही विचित्र पाव बनवते की कुणी विकत घेत नाही. बाप चेष्टा करतो, ती रडत पळत सुटते, मग तोही ते पाव तोंडात कोंबून, मला आवडतात म्हणून ओरडत तिच्यामागे धावतो. आम्ही दोघं खूप हसलो. पण त्या हसऱ्या आईबापाच्या पोटातही एक काटा आहे. नागिसा लहान असताना तापात होती आणि ते दोघं कामाला गेले होते. पोर बाहेर बर्फात त्यांची वाट बघत उभी राहिली आणि मरता मरता वाचली. तेव्हापासून आईनं शिकवणं सोडलं, बापानं नाटक सोडलं, आणि घरातच दुकान टाकलं, लेकीच्या जवळ राहता यावं म्हणून.

दुसऱ्या भागात तोमोया विजेच्या खांबांवर चढून काम करणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली लागतो. पहिले दिवस अंग मोडून येतं. नागिसाशी लग्न होतं. भाड्याची एक खोली, पगार आला की हिशेब, डबा, सणाला सासरी जेवण. किती तरी भाग नुसतं हेच चालतं. मी म्हटलं, यात गोष्ट कुठं आहे? पण आता कळतं, आपण त्या खोलीत राहायला लागतो ते याच भागांमुळे. पुढचं दुःख मग शेजारच्या घरातलं वाटत नाही, आपल्याच घरातलं वाटतं.

नागिसाला दिवस जातात. प्रकृती तोळामासा, सगळे काळजीत. बाळंतपण घरीच करायचं ठरतं, सुईण येणार असते. पण दिवस भरायच्या आधीच कळा सुरू होतात, अंगात ताप, आणि बाहेर एवढा बर्फ पडलेला की दवाखान्यात नेता येत नाही. मुलगी होते. बाळाला बघून नागिसा जाते.

इथे मी मोबाईल बंद करायला सांगितला. नर्स म्हणून मी मनात हिशेब करत होते. कळांमध्ये ताप, पहिली खेप, नाजूक बाई, घरी बाळंतपण. वार्डात असा केस पेपर पाहिला असता तर मी आधी डॉक्टरांना हाक मारली असती. पण मी थांबले त्याचं कारण वेगळं होतं. माझी बहीण अशीच गेली. फक्त तिला ताप नव्हता. बाळंतपणानंतर रक्त थांबलं नाही. आपल्या देशात बाळंतपणात आया दगावण्याचं सगळ्यात मोठं कारण अजूनही हेच आहे. वर पोटमाळ्यावर रडत होता तो तिचा मुलगा.

मालिकेत पुढे जे होतं ते बघायला मला दोन दिवस लागले. तोमोया बाळाला सासू-सासऱ्यांच्या हवाली करतो आणि पाच वर्षं तिच्याकडे जवळजवळ बघत नाही. मुलीला तो मारत नाही, तिचा राग राग करत नाही. तो फक्त काम करतो, दारू पितो, सुट्टीच्या दिवशी जुगार खेळतो. घरात बाटल्या आणि सिगारेटी. मुलगी उशियो आजी-आजोबांकडे वाढते. बाप तिला ओझरता दिसतो. म्हणजे ज्या बापाचा त्याला राग होता, तोच बाप तो झालेला आहे.

मी माझ्या दाजींकडे सतरा वर्षं याच रागानं बघत आले.

त्या रात्री मी दुसऱ्या दवाखान्यात ड्यूटीवर होते. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. दाजी व्हरांड्यात उभे होते, हातात पिशवी, पिशवीत तिची चप्पल. मी सगळ्यांत शिकलेली, सगळ्यांत धीट. मी त्यांना म्हटलं, "दाजी, आता रडायचं नाही. पोराकडे बघायचं." हे वाक्य मी तोवर किती बापांना म्हटलं असेल! बाळ मी माझ्या आईच्या हातात दिलं. दाजींच्या हातात द्यावं असं मला सुचलंच नाही. नर्सिंगच्या डिप्लोमात मला आई कशी सांभाळायची, बाळ कसं सांभाळायचं हे शिकवलं. बायको गेलेल्या बापाचं काय करायचं, हे शिकवलेलं मला आठवत नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं आली, पाठीवर थाप मारून, "घट्ट राहा" म्हणून गेली. दाजी घट्ट राहिले. दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरात टेम्पोवर लागले. पैसे दर महिन्याला न चुकता यायचे. स्वतः मात्र वर्षातून एकदा, १४ एप्रिलला यायचे, पोराला नवा शर्ट घेऊन. शर्ट दरवेळी लहान व्हायचा. पोर केवढं झालं आहे, हे त्यांना ठाऊकच नसायचं. मला त्याचा भयंकर संताप यायचा. ते गेले की मी शर्ट शेजारच्या पोरांना द्यायला काढायची, आणि पोरगा तो परत पेटीत ठेवायचा. मला वाटायचं, हट्टी आहे.

आता मालिकेतली सहल सांगते. आजी युक्ती करते. सहलीला जायचं ठरवून आजी-आजोबा ऐन वेळी चिठ्ठी ठेवून गायब होतात, आणि बापाला पाच वर्षांच्या मुलीला एकट्यानं घेऊन जावं लागतं. वाटेत तो तिला एक खेळण्यातला रोबो घेऊन देतो. फुलांच्या माळावर तो रोबो हरवतो. मुलगी शोधत राहते. तो म्हणतो, दुसरा घेऊ. तिला दुसरा नको. बाबांनी निवडून घेऊन दिलेली ती पहिली वस्तू आहे.

माझ्या पोटात कालवलं. मी पोराकडे बघितलं नाही. पत्र्याच्या पेटीकडे बघितलं.

त्याच सहलीत तोमोयाला त्याची आजी, म्हणजे बापाची आई, भेटते. ती सांगते की बायको गेल्यावर तुझा बाप तुझा हात धरून इथे आला होता, मी एकटा याला वाढवीन म्हणाला होता. त्यानं काम सोडली, काम धरली, मोडत गेला, पण हात सोडला नाही. तोमोयाला हे काही आठवतच नव्हतं. त्याला फक्त पुढची दारू आठवत होती.

मग तो माळावर परत येतो आणि मुलीला जवळ घेतो. ती विचारते, आता रडू का? आजीनं तिला शिकवून ठेवलेलं असतं की रडायच्या जागा दोनच, संडास आणि बाबांची मिठी. पाच वर्षं ती पोर एकाच जागी रडत आलेली असते. परतीच्या गाडीत ती आईबद्दल विचारते, आणि तो पहिल्यांदा नागिसाबद्दल बोलायला तोंड उघडतो. बोलता बोलता कोसळतो. पाच वर्षांचं रडणं त्या गाडीत येतं.

पुढे तो बापाकडे जातो आणि सांगतो की तुम्ही खूप केलंत, आता दमला असाल, गावी आईकडे जा. तो म्हातारा विचारतो, म्हणजे माझं काम मी पार पाडलं का? त्याला स्वतःला कळलेलंच नसतं.

शेवट सांगून टाकते. उशियोलाही आईसारखाच ताप लागतो आणि तीही बापाच्या हातात, बर्फात जाते. मग गोष्टीत एक चमत्कार होतो, काळ मागे जातो, नागिसा वाचते, तिघं एकत्र राहतात. पोराला तो शेवट आवडला. मला तेवढा पटला नाही, वार्डात काळ मागे जात नाही. पण तो म्हणाला, "मावशी, एकदा तरी तिघं घरात दिसायला पाहिजेत ना." यावर मी काय बोलणार!

मैत्रिणींनो, आता आरोग्याचं.

पहिली गोष्ट, सिनेमा, मालिका, कार्टून बघून पोर रडलं तर हसू नका. मी हसले, ती माझी चूक. बहुतेक वेळा ते रडणं एक-दोन दिवसांत निवतं आणि पोराला हलकं वाटतं. जवळ बसून एवढंच विचारा, "कुठल्या जागी रडू आलं?" उत्तर मालिकेबद्दल असेल, पण त्यातून घरातलं काही बाहेर येऊ शकतं. मात्र दोन आठवड्यांवर उदासी टिकली, झोप-जेवण बिघडलं, शाळा-कॉलेज सुटलं, कशातच रस वाटेना, मरणाचं बोलणं यायला लागलं, तर ते आजाराचं लक्षण असू शकतं. दवाखाना गाठा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारावं. विचारल्यानं डोक्यात ते भरत नाही, उलट माणूस बोलता होतो. असं बोलणाऱ्याला एकटं सोडू नका.

दुसरी गोष्ट, घरात मृत्यू झाला की जो रडत नाही त्याच्यावर लक्ष ठेवा. बाई रडली तर चार बायका जवळ बसतात. पुरुष गप्प राहिला तर आपण त्याला खंबीर म्हणतो. खंबीर म्हटलेला माणूस कामात बुडतो, बाटलीत बुडतो, चिडका होतो, रात्री जागतो, लेकराच्या जवळ जायचं टाळतो. लेकराच्या चेहऱ्यात त्याला गेलेली बाई दिसते. याला निर्दयपणा म्हणून सोडून देऊ नका. दारू पिऊन मारहाण होत असेल तर मात्र आधी बायका-मुलांची सुरक्षितता बघा. दुःख हे मारहाणीला कारण म्हणून चालत नाही.

तिसरी, बाळंतपणात आई गेली तर बाळ बापाच्या हातात द्या, पहिल्याच दिवशी. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणं, ज्याला दवाखान्यात कांगारू पद्धत म्हणतात, ते बापही करू शकतो. बाळ कमी वजनाचं असेल तर ते फार उपयोगी पडतं. आजीनं, मावशीनं मदत करावी, पण आंघोळ, दूध, लस यातलं एखादं काम बापाचं म्हणून ठरवून टाकावं. आणि त्याला "रडू नको" म्हणू नका. "मी इथे बसले आहे" एवढं म्हणा.

चौथी, मुलाला आईबद्दल खरं सांगा. 'गावाला गेली' म्हटलं की पोर वाट बघत बसतं. आई वारली, ती परत येणार नाही, तुझ्यामुळे गेली नाही, हे त्याच्या वयाच्या शब्दांत सांगा. शेवटचं वाक्य विसरू नका. जन्माच्या वेळी आई गेलेली मुलं स्वतःला दोष देत असतात. आमच्या पोरानं हे मला सतराव्या वर्षी सांगितलं. तिचा फोटो घरात ठेवा, तिचं नाव घ्या.

पाचवी, गरोदरपणात ताप, रक्त जाणं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर सूज, फिट, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर वाट बघू नका. बाळंतपण दवाखान्यातच करा आणि वाहनाची सोय आधी ठरवून ठेवा. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. बाळंतपणानंतर रक्त जास्त जातंय असं वाटलं तर लाजू नका, ओरडून सांगा.

आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. हा नंबर दारामागे लिहून ठेवा. पुरुषमाणसांना दिसेल असा.

आता राहिलं आमच्या घरचं. मालिका संपली त्या रविवारी मी दाजींना फोन केला. मला वाटलं, टेम्पोत असतील, उचलणार नाहीत. उचलला. मी म्हटलं, "दाजी, त्या रात्री मी तुम्हाला रडू नका म्हटलं होतं. चुकलं माझं." पलीकडून काही आवाज नाही. गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. मला वाटलं फोन कटला. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "तिची चप्पल आहे अजून माझ्याकडे."

आम्ही दोघंही थोडा वेळ तसेच फोन धरून राहिलो. मग त्यांनी नाक ओढलं आणि विचारलं, "शर्टाचं माप काय आता त्याचं?"

मी फोन पोराच्या हातात दिला आणि पाणी भरायला गेले.